डिस्क इमेज आणि डिलीट झालेल्या फाइल्स: कमांड लाइनवरचं काम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये घेतलेली जशीच्या तशी प्रत. इथल्या सगळ्या आज्ञा लिनक्सच्या आहेत. त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. '-डी' म्हणजे डॅश आणि त्याला चिकटून डी हे एक अक्षर. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ज्या डिस्कवरच्या फाइल्स गेल्या आहेत तिला सगळीकडे '/डेव्ह/एसडीबी' म्हटलं आहे. तुमच्या मशीनवर हे नाव वेगळं असू शकतं.

फाइल आत्ताच डिलीट झाली. पहिल्यांदा काय करू?

त्या डिस्कवर लिहिणं थांबवा. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड असेल तर काढून बाजूला ठेवा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करू नका. मोकळी झालेली जागा नव्या फाइलला मिळू शकते, आणि मग तुमची फाइल तुमच्याच डाउनलोडखाली गाडली जाते.

गेलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या डिस्कवरचीच असेल तर संगणक बंद करून लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स थेट पेन ड्राइव्हवरून चालवून) सुरू करा. नेहमीच्या पद्धतीने बंद करताना लॉग, कॅशे, कधी कधी अपडेट्सही लिहिले जातात. म्हणून फाइल खरोखर मोलाची असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करणं जास्त पदरात पाडतं. डिस्क एन्क्रिप्टेड आहे, आत्ता उघडलेली आहे आणि पासवर्ड कुणाला आठवत नाही, अशा वेळी मात्र बंद करू नका; एकदा बंद झाली की ती उघडायची कशी हा प्रश्न पुढचे सगळे प्रश्न गिळून टाकतो.

बंद करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, कचरापेटी. तिथे गेलेली फाइल डिलीट झालेली नसते, फक्त हलवलेली असते. विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये प्रत्येक फाइलच्या दोन नोंदी होतात: '$आर' ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये मूळ मजकूर, आणि '$आय' ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये मूळ पत्ता आणि डिलीट केल्याची वेळ. दुसरी, ती फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने अजून उघडी ठेवली आहे का. लिनक्सवर नाव पुसलं तरी उघडी फाइल जिवंत असते:

एलएसओएफ +एल१

इथे एल मोठं. यादीत फाइल दिसली तर प्रोसेसचा क्रमांक आणि एफडी रकान्यातला आकडा घ्या, आणि '/प्रॉक/क्रमांक/एफडी/आकडा' ही फाइल दुसऱ्या डिस्कवर 'सीपी' ने कॉपी करा. लॉग, डेटाबेस किंवा चालू असलेलं रेकॉर्डिंग गेलं असेल तर काम इथेच संपू शकतं. तो प्रोग्रॅम तेवढा बंद करू नका.

डिलीट केल्यावर डिस्कवर नेमकं काय होतं?

हे फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइल्स कुठे आहेत याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीवर) अवलंबून आहे, आणि पुढे कुठलं साधन वापरायचं ते यावरूनच ठरतं. म्हणून जरा तपशिलात.

फॅट: डिरेक्टरीतल्या नोंदीचा पहिला बाइट ई५ होतो आणि फॅट तक्त्यातली क्लस्टरची (फाइलला एकदम दिल्या जाणाऱ्या जागेच्या तुकड्यांची) साखळी शून्य केली जाते. सुरुवातीचा क्लस्टर आणि फाइलचा आकार सहसा तसाच राहतो. फाइल सलग लिहिलेली असेल तर एवढ्या माहितीवर ती पूर्ण मिळते. तुकड्यांत असेल तर दुसरा तुकडा कुठे ते सांगणारी साखळीच उरलेली नसते. आठ अक्षरी छोट्या नावाचं पहिलं अक्षर जातं. लांब नावाची नोंद वेगळी असल्यामुळे पूर्ण नाव बहुधा वाचता येतं.

एक्सफॅट: नोंदीच्या प्रकाराचा बाइट ८५ चा ०५ होतो, बाकी नोंद शाबूत. सलग लिहिलेल्या फाइलवर 'साखळी लागत नाही' अशी खूण असते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो, पुन्हा शूटिंग केलं नसेल तर, चांगले परत येतात.

एनटीएफएस: सगळ्यात सोयीचं. एमएफटीतल्या (फाइल्सच्या मुख्य तक्त्यातल्या) नोंदीचा 'वापरात आहे' हा बिट उतरतो, पण नाव, वेळा आणि फाइलचे तुकडे कुठे आहेत याची यादी जागेवर राहते. एमएफटीची एक नोंद साधारण १०२४ बाइटची असते. सहासातशे बाइटपर्यंतची फाइल त्या नोंदीतच मावते, म्हणजे तिचा मजकूर डिस्कवर वेगळीकडे कुठे नसतोच. धोका एकच, मोकळी झालेली नोंद नव्या फाइलला लवकर मिळते.

ईएक्सटी४: सगळ्यात कठीण. डिलीट करताना आयनोडमधली (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीतली) तुकड्यांची यादी रिकामी होते आणि आकार शून्य होतो. नाव आणि आयनोड क्रमांक दिसतो, पण त्यात काही नसतं. आशा असते ती जर्नलवर, म्हणजे फाइल सिस्टिममधले बदल आधी जिथे टिपले जातात त्या नोंदवहीवर. तिथे त्या आयनोडची जुनी प्रत काही काळ राहते. 'ईएक्सटी४मॅजिक' आणि 'एक्स्टअनडिलीट' ही साधनं तीच प्रत शोधतात. जर्नल मर्यादित आकाराचं आणि गोल फिरणारं असतं, त्यामुळे व्यस्त मशीनवर ही खिडकी काही मिनिटांचीही असू शकते.

एसएसडीवरून फाइल परत मिळते का?

ट्रिम झालं नसेल तर मिळते. ट्रिम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने डिस्कला 'हे ब्लॉक आता नको आहेत' असं सांगणं. त्यानंतर ते ब्लॉक वाचले तर बहुतेक एसएसडी शून्यच देतात, मग कंट्रोलरने ते आतून खरोखर पुसले असोत वा नसोत. विंडोज ७ पासून ट्रिम डिलीटबरोबरच पाठवलं जातं. बऱ्याच लिनक्स वितरणांत 'एफएसट्रिम' आठवड्यातून एकदा चालतं, त्यामुळे तिथे काही दिवस हाती असू शकतात. माउंट करताना (डिस्क वापरासाठी सिस्टिमला जोडताना) 'डिस्कार्ड' पर्याय दिलेला असेल तर ते दिवसही नाहीत. काही एसएमआर प्रकारच्या (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम स्वीकारतात, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. साध्या पेन ड्राइव्हला आणि कार्डाला ट्रिम फारसं पोचत नाही.

थेट डिस्कवर काम का करायचं नाही? इमेज कशाला?

डिस्कला एकदाच वाचायचं, बाकी सगळे प्रयोग प्रतीवर. साधन चुकलं, पर्याय चुकला, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. मरायला टेकलेल्या डिस्कच्या बाबतीत तर दुसरं वाचन मिळेलच याची खात्री नसते.

याच कारणासाठी मूळ डिस्कवर 'एफएससीके' किंवा 'चेकडिस्क' चालवू नका. ही साधनं फाइल सिस्टिम सुसंगत करतात, तुमच्या फाइल्स वाचवत नाहीत. सुसंगत करण्याच्या नादात ती अर्धवट नोंदी पुसून टाकतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

योग्य डिस्क ओळखायची कशी?

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,माउंटपॉइंट

डिस्क जोडण्याआधी एकदा आणि जोडल्यावर एकदा चालवा; जी ओळ नव्याने आली ती तुमची. सिरियल क्रमांक डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा. रीस्टार्टनंतर 'एसडीबी' चं 'एसडीसी' होऊ शकतं, म्हणून कालचं नाव आज गृहीत धरू नका. 'डीडी' (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारी आज्ञा) मध्ये स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर ते विचारत नाही, लिहीत सुटतं.

डेस्कटॉप वातावरण डिस्क आपोआप माउंट करतं, ते आधी बंद करा. मग 'ब्लॉकडेव्ह --सेटआरओ /डेव्ह/एसडीबी' ने डिस्क फक्त वाचनापुरती करा. हे कर्नलच्या पातळीवरचं कुलूप आहे. न्यायालयीन कामासाठी हार्डवेअर राइट ब्लॉकरच (डिस्कवर लिहिणं अडवणारं उपकरण) लागतो.

डीडी वापरू की डीडीरेस्क्यू?

डिस्क ठणठणीत असेल तर 'डीडी' चालतं. पण ती ठणठणीत आहे हे आधी कळत नाही, म्हणून आमचा सल्ला सरळ ग्नू डीडीरेस्क्यूचा. डेबियन आणि उबंटूत पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे, आज्ञा मात्र 'डीडीरेस्क्यू'. मधे अंडरस्कोर असलेलं 'डीडी_रेस्क्यू' हे वेगळंच साधन आहे आणि त्याचे पर्याय इथे लागू होत नाहीत.

डीडीची अडचण खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या सगळ्यात छोट्या तुकड्यावर) येते. काही न सांगता चालवलं तर ते पहिल्या चुकीवर थांबतं. 'कॉन्व्ह=नोएरर' दिलं तर पुढे जातं, पण न वाचलेला भाग गाळतं, आणि त्यापुढचा सगळा डेटा मागे सरकतो. मग फाइल सिस्टिममधला एकही पत्ता जुळत नाही. 'नोएरर,सिंक' दिलं तर गाळलेली जागा शून्यांनी भरते, पण ब्लॉक ४ एमबीचा ठेवला असेल तर ५१२ बाइटच्या एका खराब सेक्टरपायी ब्लॉकचा बराच चांगला भागही शून्य होऊ शकतो.

डीडीरेस्क्यू आधी सोपं तेवढं वाचतं, अडलेलं नंतरसाठी ठेवतं, आणि कुठे काय झालं ते मॅप फाइलमध्ये नोंदवतं:

डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीबी डिस्क.आयएमजी डिस्क.मॅप
डीडीरेस्क्यू -डी -आर३ /डेव्ह/एसडीबी डिस्क.आयएमजी डिस्क.मॅप

पहिल्या ओळीतलं '-एन' अवघड भाग खरवडायचा टप्पा टाळतं, दुसऱ्या ओळीतलं '-आर३' त्याच भागावर तीन फेऱ्या करतं. '-डी' कर्नलची कॅशे बाजूला ठेवून थेट वाचतं. दोन्ही ओळींत मॅप फाइल तीच हवी. ती दिली नाही तर वीज गेल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि ते सहसा ऐंशी टक्के झाल्यावर होतं. मॅपमध्ये '+' म्हणजे वाचून झालेलं, '-' म्हणजे खराब, '?' म्हणजे अजून हात न लावलेलं. एकाच ठिकाणी वेग कोसळत असेल तर मोठ्या '-आर' ने उलट्या दिशेने वाचून पाहा; खराब पट्ट्याच्या पलीकडचा भाग तिकडून पटकन येतो.

डिस्क टकटक आवाज करते आहे. चालवू का?

नाही. नियमित टकटक म्हणजे हेडची किंवा यांत्रिक बिघाडाची शक्यता. प्रत्येक मिनिटागणिक प्लेटवर ओरखडे वाढू शकतात. ते काम स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचं. आवाज नाही पण डिस्क मंद आहे, अशा वेळी 'स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी' चालवा आणि ५ व १९७ क्रमांकाचे गुणधर्म पाहा: बदललेले सेक्टर आणि प्रलंबित सेक्टर. १९७ चा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत वाढत असेल तर इतर सगळं सोडून इमेज घ्यायला लागा.

इमेजला जागा किती लागते? कुठला प्रकार निवडू?

कच्ची इमेज अख्ख्या डिस्कएवढी होते, त्यातल्या डेटाएवढी नाही. ५०० जीबीच्या डिस्कवर २० जीबीच भरलेली असली तरी इमेज ५०० जीबीची. वर काढलेल्या फाइल्सना वेगळी जागा धरा. लक्ष्य डिस्क फॅट३२ नको. तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि काम मधेच तुटतं.

जागा कमी असेल किंवा तपासाच्या नोंदी इमेजमध्येच हव्या असतील तर 'ईडब्ल्यूएफअ‍ॅक्वायर' ने ई०१ प्रकारची इमेज घ्या. ती दाबलेली असते आणि हॅश (सगळ्या बाइटांवरून काढलेला गणिती ठसा) आतच साठवते. वाचताना 'ईडब्ल्यूएफमाउंट' ने ती कच्च्या फाइलसारखी दिसते. आभासी मशीनच्या डिस्क 'क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट -ओ रॉ' ने कच्च्या करून घेता येतात, त्यातलं ओ मोठं.

हॅश कशाला? आणि दोनदा काढला तर वेगळा का येतो?

'शा२५६सम डिस्क.आयएमजी' चा निकाल इमेज घेतल्या घेतल्या लिहून ठेवा. पुढे कधीही तोच आला तर इमेज बदललेली नाही. मूळ डिस्कचा हॅश मात्र खराब सेक्टर असतील तर जुळेलच असं नाही, कारण एका वाचनात आलेला सेक्टर दुसऱ्या वाचनात येत नाही. एसएसडी तर नुसती वीज जोडून ठेवली तरी आतल्या आत जागा आवरते. म्हणून पुराव्याचा हॅश इमेजचा धरतात आणि न वाचलेल्या भागांसाठी मॅप फाइल जोडतात.

फक्त वाचनासाठी माउंट केलं तर काही लिहिलं जात नाही ना?

ईएक्सटी४ वर लिहिलं जाऊ शकतं. नुसतं 'आरओ' दिलं आणि फाइल सिस्टिम नीट बंद झालेली नसली तर कर्नल आधी जर्नलमधले बदल डिस्कवर उतरवतो. 'आरओ,नोलोड' द्या, एक्सएफएसला 'आरओ,नोरिकव्हरी'. इमेजसाठी सगळ्यात बरं म्हणजे 'लोसेटअप -आर -एफ -पी --शो डिस्क.आयएमजी', यातला पी मोठा. लूप डिव्हाइसच (इमेजला डिस्कसारखं दाखवणारं) वाचनापुरतं तयार होतं आणि आतली विभाजनं (पार्टिशन) वेगवेगळी दिसतात.

माउंट केलेल्या इमेजमध्ये डिलीट झालेल्या फाइल्स मात्र दिसत नाहीत. त्यासाठी माउंटची गरजही नाही.

इमेजच्या आत काय आहे ते कसं पाहायचं?

इथून पुढे द स्ल्यूथ किट. त्यातल्या साधनांच्या नावांत एक शिस्त आहे: 'एमएम' ने सुरू होणारी विभाजनांची, 'एफएस' ची फाइल सिस्टिमची, 'आय' ची आयनोडची, 'बीएलके' ची ब्लॉकची.

एमएमएलएस डिस्क.आयएमजी

विभाजनांची यादी येते, सुरुवात सेक्टरमध्ये. बऱ्याचदा पहिलं विभाजन २०४८ वर सुरू होतं. हाच आकडा पुढच्या प्रत्येक आज्ञेत '-ओ' नंतर द्यायचा. माउंटला मात्र बाइट लागतात, म्हणजे २०४८ गुणिले ५१२, बरोबर १०४८५७६. सेक्टर आणि बाइट यांची ही गल्लत रोजची आहे.

'फाइल सिस्टिमचा प्रकार ठरवता येत नाही' अशी चूक का येते?

बहुतेक वेळा '-ओ' विसरलेला असतो. दिलेला असूनही आली तर एन्क्रिप्शनची शंका घ्या: विभाजनाचा पहिला सेक्टर 'एक्सएक्सडी' (कच्चे बाइट दाखवणारी आज्ञा) ने पाहा. तिथे '-एफव्हीई-एफएस-' दिसलं तर बिटलॉकर, 'एलयूकेएस' दिसलं तर लिनक्सचं एन्क्रिप्शन.

तिसरं कारण फसवं आहे. काही यूएसबी खोकी (डिस्क बसवायचे बाहेरचे डबे) डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर संगणकाला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. त्या खोक्यात फॉरमॅट केलेली डिस्क बाहेर काढून थेट जोडली की विभाजनांचे पत्ते आठपटीने चुकतात आणि डिस्क कोरी वाटते. 'एमएमएलएस -बी ४०९६' देऊन पाहा. तक्ता नीट दिसला तर डिस्कला काहीही झालेलं नाही.

आणि बूट सेक्टरच खराब असेल तर त्याची प्रत असते: एनटीएफएसमध्ये विभाजनाच्या शेवटच्या सेक्टरवर, फॅट३२ मध्ये बहुधा सहाव्यावर, ४ केबी ब्लॉकच्या ईएक्सटी४ मध्ये सुपरब्लॉकची पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर. टेस्टडिस्क ती शोधून बसवून देतं. हे इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर करा.

डिलीट झालेल्या फाइल्सची यादी कशी काढू आणि एखादी बाहेर कशी काढू?

एफएलएस -आर -डी -पी -ओ २०४८ डिस्क.आयएमजी > यादी.टीएक्सटी

'-आर' सगळ्या फोल्डरांत शिरतं, '-डी' फक्त डिलीट झालेलं दाखवतं, '-पी' पूर्ण मार्ग देतं. एनटीएफएसवर अशी ओळ मिळेल:

आर/आर * ४१२-१२८-१: दस्तऐवज/हिशेब.एक्सएलएसएक्स

'आर' म्हणजे साधी फाइल, 'डी' असता तर फोल्डर. तारा म्हणजे डिलीट झालेली. ४१२ हा एमएफटीतला क्रमांक, १२८ म्हणजे डेटा हा गुणधर्म. पुढे:

आयस्टॅट -ओ २०४८ डिस्क.आयएमजी ४१२
आयकॅट -ओ २०४८ डिस्क.आयएमजी ४१२-१२८-१ > /मीडिया/दुसरी/हिशेब.एक्सएलएसएक्स

आयस्टॅट पाहण्याचा कंटाळा करू नका. आकार, वेळा आणि क्लस्टरची यादी तिथे असते. ओळीत 'रीअ‍ॅलॉक' हा शब्द दिसला तर ती नोंद आता दुसऱ्या फाइलच्या ताब्यात आहे. आयकॅट काहीतरी काढून देईल, पण ते त्या दुसऱ्या फाइलचं असेल.

सगळं एकदम हवं असेल तर 'टीएसके_रिकव्हर -ओ २०४८ डिस्क.आयएमजी फोल्डर'. काही न सांगता ते फक्त डिलीट झालेल्या फाइल्स काढतं. '-ई' दिलं तर सगळ्याच. ज्यांचं मूळ फोल्डर सापडत नाही त्या फाइल्स '$ऑर्फनफाइल्स' खाली जातात. मोठ्या फॅट विभाजनावर या अनाथ फाइल्स शोधायला बराच वेळ लागतो, साधन अडकलं असं समजून मारू नका.

फाइल निघाली, आकारही बरोबर आहे, पण उघडत नाही.

'फाइल' ही आज्ञा त्या फाइलवर चालवा आणि 'एक्सएक्सडी' ने पहिल्या काही ओळी पाहा. सगळीकडे शून्यच असतील तर ट्रिम झालं आहे किंवा तो भाग डीडीरेस्क्यूला वाचता आला नव्हता, मॅप तपासा. सुरुवात भलत्याच प्रकारची असेल तर जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं आहे. सुरुवात बरोबर आणि मधूनच बिघडलेली असेल तर, विशेषतः फॅटवर, फाइल तुकड्यांत होती आणि साधनाने ती सलग धरली. फोटोचा वरचा भाग ठीक आणि खाली करडा पट्टा किंवा दुसऱ्याच फोटोचे रंग, हे या शेवटच्या प्रकारचं लक्षण. त्याच फाइलवर साधनं बदलून फायदा नाही, साखळीच गेलेली आहे.

फोटोरेक कधी वापरायचं?

नोंदींच्या वाटेने जे मिळालं नाही त्यासाठी, किंवा फाइल सिस्टिमच उरली नसेल तेव्हा. फोटोरेक, फोरमोस्ट, स्कॅल्पेल ही साधनं नोंदी न बघता कच्च्या डेटात फाइलची सुरुवातीची खूण शोधतात: जेपेगला एफएफ डी८ एफएफ, पीडीएफला '%पीडीएफ', झिपला ५० ४बी ०३ ०४. आजच्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइल्स आतून झिपच असतात, म्हणून काही साधनं त्या झिप म्हणून काढतात. नाव बदलून उघडून पाहा.

नाव, फोल्डर आणि मूळ तारीख या वाटेने मिळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी एफएलएस आणि आयकॅट, मग फोटोरेक. उलट केलं तर नाव असलेली फाइल हाताशी असताना एफ०१२३४५६७ सारख्या नावाच्या हजारो फाइल्स चाळत बसावं लागतं. ते नावही अगदी निरर्थक नाही. त्यातला आकडा फाइल जिथे सापडली तो सेक्टर असतो. 'टी' ने सुरू होणारी फाइल म्हणजे फोटोच्या आतलं छोटं चित्र.

फोटोरेक सुरू केल्यावर फाइलच्या प्रकारांच्या यादीत जाऊन सगळ्या खुणा काढा आणि हवे तेवढेच प्रकार निवडा. मग 'फ्री' की 'होल' असा प्रश्न येतो. फाइल सिस्टिम शाबूत असेल तर फ्री, म्हणजे फक्त मोकळी जागा. फॉरमॅट झाली असेल तर होल. फोरमोस्टला आउटपुटचं फोल्डर रिकामं लागतं. स्कॅल्पेलच्या सेटिंग फाइलमध्ये सगळे प्रकार सुरुवातीला बंद असतात, हवे त्यांच्यापुढचं '#' काढल्याशिवाय ते काहीच शोधत नाही.

व्हिडिओ मिळाला पण चालत नाही.

एमपी४ मध्ये 'मूव्ह' नावाचा निर्देशांक असतो आणि कॅमेरे तो बहुधा रेकॉर्डिंग संपल्यावर शेवटी लिहितात. शेवट हरवला की चित्र सगळं असूनही प्लेयरला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने काढलेला एक चांगला व्हिडिओ असेल तर 'अनट्रंक' त्याच्या आधाराने निर्देशांक पुन्हा बांधू शकतं.

इमेजमध्ये मराठी मजकूर कसा शोधू?

'स्ट्रिंग्ज' वर भिस्त ठेवू नका; ते मुळात इंग्रजी अक्षरांच्या ओळी शोधतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतं. ग्रेपला ते थेट देता येतं:

टीआर '\०००' '\एन' < डिस्क.आयएमजी | एलसी_ऑल=सी ग्रेप -ए -बी -ओ 'खरेदीखत'

इथे 'एलसी_ऑल=सी' ची सगळी अक्षरं मोठी. 'टीआर' चा भाग शून्य बाइटांच्या जागी नवी ओळ घालतो. नाहीतर कोट्यवधी शून्यांची एकच 'ओळ' धरून ग्रेप मेमरी संपवतं. एका बाइटला एकच बाइट बदलल्यामुळे पत्ते हलत नाहीत. मिळालेल्या बाइट पत्त्यातून विभाजनाची सुरुवात वजा करा, ब्लॉकच्या आकाराने भागा, आणि येणारा ब्लॉक 'आयफाइंड -ओ २०४८ -डी ब्लॉक' ला द्या. ते आयनोड सांगतं, आणि 'एफफाइंड' त्या आयनोडचं नाव.

तरी सापडत नसेल तर चार शक्यता आहेत. विंडोजमध्ये बराच मजकूर यूटीएफ-१६ मध्ये असतो, तिथे चिन्हामागे दोनच बाइट आणि दुसरा नेहमी ०९: 'मराठी' म्हणजे २ई ०९ ३० ०९ ३ई ०९ २० ०९ ४० ०९. हे बाइट मोठ्या पीच्या ग्रेपला '\एक्स२ई\एक्स०९' अशा रूपात द्या. दुसरं, वर्डच्या नव्या फाइल्स दाबलेल्या असतात, त्यांच्यात शब्द उघडा नसतो. 'बल्क_एक्स्ट्रॅक्टर' अशा दाबलेल्या भागातही डोकावतं. तिसरं, एकच अक्षर दोन प्रकारे साठवलेलं असतं: 'ॲ' हे एक चिन्ह म्हणून किंवा 'अ' अधिक चंद्र, 'ऱ' एक चिन्ह म्हणून किंवा 'र' अधिक नुक्ता. शोधासाठी अशी अक्षरं नसलेला शब्द निवडा. चौथं, जुन्या कागदपत्रांत शिवाजी किंवा कृतिदेवसारखे फॉन्ट वापरलेले असतात, तिथे डिस्कवर इंग्रजी अक्षरंच साठलेली असतात. त्याच फॉन्टमध्ये शब्द टाइप करून, तो साध्या मजकुराच्या संपादकात चिकटवून, जी इंग्रजी अक्षरं दिसतील ती शोधा.

डिस्क चुकून फॉरमॅट झाली.

झटपट फॉरमॅटमध्ये नवे तक्ते लिहिले जातात, बाकी डेटा तसाच राहतो. हार्ड डिस्कवर यश चांगलं मिळतं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं, तिथे काही उरत नाही. एसएसडीवर झटपट फॉरमॅटही ट्रिम पाठवतं. विभाजनाचा तक्ताच गेला असेल तर टेस्टडिस्क हाताशी आहे. जीपीटी या नव्या प्रकारच्या तक्त्याची प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते.

एकदा वरून लिहिलं गेलेलं परत मिळतं का?

नाही. खास यंत्रांनी वाचता येतं ही समजूत जुन्या काळातली आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेची २०१४ ची आवृत्तीही चुंबकीय डिस्कसाठी एक फेरी सहसा पुरेशी मानते.

बिटलॉकर किंवा एलयूकेएस असेल तर?

किल्ली असेल तर आधी उघडायचं, मग वरचं सगळं. बिटलॉकरला 'डिसलॉकर' आणि ४८ अंकी रिकव्हरी की. एलयूकेएसला 'क्रिप्टसेटअप ओपन --रीडओन्ली'. उघडल्यावर जे डिव्हाइस मिळतं त्याला '-ओ' लागत नाही, कारण ते एकच विभाजन असतं. किल्ली नसेल, किंवा एलयूकेएसचा हेडर पुसला गेला असेल आणि त्याची प्रत नसेल, तर कार्व्हिंगलाही (फोटोरेकसारख्या खुणा शोधण्याच्या पद्धतीलाही) काही सापडणार नाही. फोनच्या अंतर्गत मेमरीचं तेच: आजचे फोन फाइल्स एन्क्रिप्ट करतात, त्यामुळे चिपची इमेज हाती आली तरी किल्लीशिवाय वाचता येत नाही. फोनमधलं कार्ड काढता येत असेल आणि ते फोनच्या मेमरीत विलीन केलेलं नसेल तर ते साध्या कार्डासारखं हाताळा.

काय केव्हा घडलं ते कसं कळेल?

एफएलएस -आर -एम / -ओ २०४८ डिस्क.आयएमजी > बॉडी.टीएक्सटी
मॅकटाइम -बी बॉडी.टीएक्सटी -डी > वेळापट.सीएसव्ही

पहिली आज्ञा फाइल्सच्या वेळा गोळा करते, दुसरी त्या क्रमाने लावून वेळापट बनवते. एनटीएफएस वेळ यूटीसीत ठेवतं. फॅट स्थानिक वेळ ठेवतं आणि कुठल्या टाइम झोनची ते सांगत नाही. शिवाय बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि शेवटच्या वापराची फक्त तारीख. दोन्ही प्रकारच्या डिस्क एकाच वेळापटात घालताना '-झेड' ने टाइम झोन स्पष्ट द्या, नाहीतर फाइल बनण्याआधीच कॉपी झाल्यासारखी दिसेल.

काम झालं. इमेज ठेवू का?

काढलेल्या फाइल्स उघडून तपासल्याशिवाय इमेज आणि मॅप दोन्ही पुसू नका. फोल्डरमधला फाइल्सचा आकडा पाहून समाधान मानू नका. इमेजमध्ये ब्राउझरचे पासवर्ड आणि आधी कधी तरी डिलीट केलेलं सगळं असतं. ठेवायची तर एन्क्रिप्टेड डिस्कवर ठेवा. दुसऱ्याची डिस्क असेल तर काम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घ्या, त्यात इमेज कधी नष्ट करणार तेही लिहा, आणि त्या तारखेला ती खरोखर नष्ट करा.